यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे देवालय उभे राहते. जे ढासळले ते उतरवावे, जे धड आहे ते राखावे आणि वास्तू पुन्हा नांदती करावी, हा त्या शब्दाचा आशय. हाच विवेक यंत्रांच्या बाबतीतही किती उपयोगी पडतो, हे प्रस्तुत लेखात एका साध्या उदाहरणावरून सांगण्याचा विचार आहे.

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात आजही पुष्कळ घरे लाकडाच्या शेगडीवर ऊब धरतात. ओंडके फोडून रचल्याखेरीज ते नीट वाळत नाहीत आणि ओकसारख्या कठीण लाकडाला तर वाळण्यास वर्षभर, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. ओले लाकूड जाळले तर ऊब थोडी व धूर फार. शिवाय धुराड्यात क्रिओसोट नावाचा ज्वलनशील थर साचून आग लागण्याचे भय असते. म्हणून लाकूड फोडण्याचे यंत्र वसंतात बंद पडले, तर त्याचा दंड हिवाळ्यात भरावा लागतो.

आमच्या मंडळातील एका वयोवृद्ध काकांवर असाच प्रसंग आला. निवृत्तिवेतनावर चालणारे घर. नवे यंत्र घ्यावे तर हजार डॉलरांच्या वर खर्च. यंत्राची पोलादी तुळई, पाचर, तेलाचा पंप व सिलिंडर शाबूत होते. झिजले होते ते केवळ पाच अश्वशक्तीचे इंजिन. ते निळसर धूर ओके आणि गाठीचा ओंडका आला की दम टाकून थांबे. दोरी ओढताना हाताला विरोध जाणवेना. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडताच मात्र काही वेळ विरोध जाणवू लागला. दट्ट्याच्या रिंगा व सिलिंडरची भिंत झिजल्याचे हे लक्षण होय.

शोध घेता भंगारात दाबाच्या पाण्याने धुण्याचे एक यंत्र सापडले. थंडीत पंपातील पाणी गोठून तो फुटला होता. इंजिनास मात्र इजा नव्हती. काका साशंक होऊन म्हणाले, “मास्तर, दुसऱ्याने टाकलेले इंजिन आपल्याकडे किती दिवस टिकणार?” शंका रास्त होती. तिचे उत्तर तोंडाने न देता परीक्षेने देणे बरे. जुने तेल काढून त्यात धातूचा चुरा दिसतो का ते पाहिले. शाफ्ट हाताने हलवून तो डुगडुगत नाही याची खात्री केली. प्लगची ठिणगी तपासली आणि शिळ्या पेट्रोलने चिकटलेला कार्बुरेटर उघडून स्वच्छ केला. नव्या तेलावर इंजिन अर्धा तास एका लयीत चालले, तेव्हा काकांच्या मुद्रेवरील आठी मावळली.

आता प्रश्न उरला जुळण्याचा. अशा कामात शक्तीपेक्षा मापाला अधिक महत्त्व असते. शाफ्ट आडवा आहे की उभा, त्याचा व्यास किती, चावीची खाच केवढी, फिरण्याची दिशा कोणती आणि बुडाच्या चार बोल्टांमधील अंतर किती, ही पाच मापे आधी कागदावर हवीत. आमच्या सुदैवाने दोन्ही शाफ्ट पाऊण इंची, आडवे व एकाच दिशेने फिरणारे निघाले.

‘मोठे इंजिन लावले तर लाकूड अधिक जोराने फुटेल’ हा समज सर्वत्र आढळतो. पण तो खरा नव्हे. चार इंच व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस इंच भरते. तेलाचा दाब दर चौरस इंचास २,५०० पौंड धरला, तर पाचरेमागील रेटा ३१,००० पौंडांवर, म्हणजे १४ टनांच्या आसपास जातो. ही मर्यादा सिलिंडर व दाबाची झडप ठरवतात. इंजिनावर अवलंबून असतो तो वेग. त्यातही पंप दोन टप्प्यांचा असल्याने पाचर प्रथम झपाट्याने सरकते आणि लाकडाचा अडथळा येताच तेलाचा ओघ कमी होऊन दाब वाढतो. म्हणूनच पाच अश्वशक्तीत एवढे काम होते.

जोडणी करताना पंप व इंजिन यांचे शाफ्ट एका सरळ रेषेत आणले, कपलिंगच्या दोन दातेरी अर्धांमध्ये रबरी चकती बसवून किंचित फट ठेवली. कपलिंग शाफ्टवर हातोडीने ठोकून बसवू नये. तो घाव आतील बेअरिंगांना बसतो. टाकीत तेल भरल्याशिवाय पंप फिरवू नये, कारण कोरडा पंप थोड्याच वेळात खराब होतो. आणि यंत्र चालू असताना ओंडका व पाचर यांच्यामध्ये हात कधीही जाता कामा नये.

त्या वसंतात काकांचे लाकूड वेळेवर फुटले व ओसरीत रचले गेले. आम्ही येथेच जन्मलो व येथेच शिकलो, तरी खंडेनवमीस अवजारांना हळदकुंकू वाहण्याची रीत आईवडिलांकडून आमच्यापर्यंत आली आहे. नवरात्रात येथील झाडांची पाने तांबडी होतात आणि लोक हिवाळ्याच्या तयारीस लागतात. त्या दिवशी आपल्या यंत्रावर फूल वाहणाऱ्या सुज्ञ वाचकांनी त्याचे तेलही एकदा तपासावे, एवढीच विनंती.