आर्वीची मावशी, सूचौची ‘आयी’

चीनमध्ये नोकरी लागली? अभिनंदन! व्हिसा झाला, बॅग भरली, आईने चिवड्याचे डबेही दिले. पण तिकडे गेल्यावर घरी फोन कसा करणार, हे ठरवलंय का?

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास आर्वीत माझ्या मावशीचा फोन वाजतो. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिकडे साडेआठ झालेले असतात. मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काहून रे, जेवला का?’’ पलीकडे असतो माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा. मेकॅनिकल इंजिनीअर. २०१८ पासून शांघायजवळच्या सूचौ शहरात गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत आहे.

हा रोजचा फोन दिसतो तितका साधा नाही. त्यामागे एक वाईट रात्र आहे.

ती रात्र

चीनमध्ये गूगल, फेसबुक, व्हॉट्सअॅप चालत नाही. तिथे सगळं काही वीचॅटवर. म्हणून जाण्यापूर्वी दादाने मावशीच्या फोनमध्ये वीचॅट टाकून दिलं. सासू-सुनांच्या मालिका बाजूला ठेवून मावशी ते शिकलीसुद्धा! पण २०२० च्या जूनअखेर भारत सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली. त्यात वीचॅटही होतं. काही आठवड्यांत मावशीचं वीचॅट मुकं झालं.

नेमके त्याच दिवसांत काका बाथरूममध्ये पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, रात्रीच वर्ध्याला हलवावं लागलं. मावशीच्या प्रीपेड नंबरवर परदेशी कॉलची सोय सुरू केलेली नव्हती. व्हॉट्सअॅपवर एकच टिक. शेवटी कुणाकडून तरी दादाचा ऑफिसचा ईमेल मिळवून मी दोन ओळी लिहिल्या. त्याने त्या वाचल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर काकांचं ऑपरेशन सुरू झालं होतं.

काका आता काठी घेऊन बाजारात जातात. पण दादा अजूनही म्हणतो, ‘‘मी परदेशात आहे हे मला विमानात नाही कळलं. त्या ईमेलने कळलं.’’

म्हणूनच चीनला निघालेल्या आर्वी-पुलगावच्या कुणी दादाला फोन केला, की तो आधी घरच्या फोनचं विचारतो. बाकीचे सल्ले त्यानंतर. ते सल्ले तुमच्यासाठी...

पहिले २४ तास

हॉटेलात उतरलात तर तुमची पोलीस नोंदणी हॉटेलच करतं. मात्र भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहिलात, तर पोहोचल्यापासून २४ तासांत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करावीच लागते. पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार सोबत न्या. काही शहरांत हे काम ऑनलाइनही होतं. विसरलात तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदललं की पुन्हा नोंद! कामाच्या व्हिसावर गेला असाल तर ३० दिवसांत रहिवासी परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. कंपनीचं एचआर मदत करतं, पण तारीख आपल्या डायरीत हवी.

घर घेताना एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, ही तिथली सर्रास पद्धत. म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधीच चार महिन्यांच्या भाड्याइतका खर्च!

नाव सांगा, पण एकच

आपण मराठी माणसं नावाच्या बाबतीत जरा उदार. कधी नाव-आडनाव, कधी मध्ये वडिलांचं नाव. चीनमध्ये हे महागात पडतं. सिमकार्ड, बँक खातं, पेमेंट अॅप, रेल्वेचं तिकीट, सगळं पासपोर्टला जोडलेलं. बँकेत एक क्रम आणि सिमवर दुसरा असेल, तर पेमेंट अॅप ‘हा माणूस तो नव्हेच’ म्हणतं. दादाचे यात दोन शनिवार गेले. पहिल्याच दिवशी पासपोर्टवरचं नाव स्पेससकट कागदावर लिहून घ्या आणि सगळीकडे तेच दाखवा.

पेमेंट अॅप हवंच, कारण भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. यूपीआयवाल्या आपल्याला ते नवं नाही. अलीपे आणि वीचॅट पेला आता परदेशी कार्ड जोडता येतं, २०२३ पासून ते बरंच सोपं झालंय. तरी खिशात थोडे युआन ठेवा. फोनची बॅटरी संपली तर पाकीटच संपलं ना!

भाकरीचं काय?

शाकाहारी मंडळी, जरा सावध. भाजी म्हणून मागवलेल्या डिशमध्ये डुकराची चरबी किंवा मांसाचा रस असू शकतो. ‘मी शाकाहारी आहे’ हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. बौद्ध पद्धतीची शाकाहारी रेस्टॉरंट्स मोठ्या शहरांत असतात, ती शोधून ठेवा. पनीरऐवजी टोफू चालवून घ्या. मूग, शेंगदाणे, तीळ भरपूर मिळतात. तुरीची डाळ मात्र सहज मिळत नाही, आणि वऱ्हाडी माणसाची पंचाईत होते ती इथेच. गंमत म्हणजे ज्वारी चीनमध्ये चिक्कार पिकते, पण तिची भाकरी नाही, दारू होते! वहिनी आर्वीहून जाताना तवा आणि ज्वारीचं पीठ नेते. सावजीचा मसालाही हवाबंद पाकिटात.

घरचा फोन : तीन वाटा

आता मुख्य मुद्दा. त्या रात्रीनंतर दादाने नियम केला, घरापर्यंत किमान तीन वाटा उघड्या हव्यात.

पहिली वाट इंटरनेटची. दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलं तर त्यावर व्हॉट्सअॅपही उघडतं, महाग असलं तरी अडीनडीला उपयोगी. व्हीपीएनच्या भरवशावर मात्र राहू नका. परवाना नसलेलं व्हीपीएन तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि ते नेमकं हवं तेव्हाच बंद पडतं. दुसरी वाट साध्या कॉलची. घरच्यांच्या फोनवर आयएसडी सुरू करून द्या आणि निघण्याआधी एकदा लावून बघा. तिसरी वाट माणसांची. ऑफिसमधला एक सहकारी आणि एक शेजारी, दोघांचे नंबर घरी कागदावर लिहून ठेवा. मावशीकडे तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

शेजारची ‘आयी’

तो शेजारी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या साठीच्या बाई. सोसायटीतल्या बायकांबरोबर त्या रोज संध्याकाळी चौकात नाचतात. दादा त्यांना ‘आयी’ म्हणतो. मावशी हे ऐकून आधी चपापली, ‘‘मी असताना दुसरी आई?’’ मग दादाने उलगडा केला. चिनी भाषेत ‘आयी’ म्हणजे मावशी!

दादाला एकदा मध्यरात्री ताप चढला, तेव्हा हॉस्पिटलात याच आयी सोबत गेल्या. तिथे आधी नंबर लावायचा, पैसे भरायचे, मग तपासणी. भाषा येत नसेल तर तापापेक्षा काउंटरचीच भीती. दादा म्हणतो, ‘‘त्या रात्री कळलं, भाषा शिकायला दोन वर्षं उशीर केला.’’

हा धडा जुनाच आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली. ते थांबले, चिनी शिकले, तिथल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले, पण आजही तिथे त्यांना मानतात. आपण काही कोटणीस नाही. पण शेजाऱ्याला ‘जेवलात का?’ एवढं चिनीत विचारायला काय हरकत आहे? तिथेही जुनी माणसं भेटल्यावर हेच विचारतात. अगदी आर्वीसारखं!

२०२५ च्या ऑक्टोबरपासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झालीत. मावशीने पासपोर्ट काढलाय. तिला शांघायचे टॉवर बघायचे नाहीत. तिला आयीला भेटायचंय, तिळाचे लाडू घेऊन.

निघण्यापूर्वी हे करा

* ११० पोलीस, १२० अॅम्ब्युलन्स, ११९ अग्निशमन दल. व्हिसा-परवान्याच्या शंकांसाठी १२३६७, इथे इंग्रजीतही बोलता येतं.
* बीजिंगमधला भारतीय दूतावास आणि शांघाय, ग्वांगझोऊ इथल्या वाणिज्य दूतावासांचे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा.
* पासपोर्ट कायम जवळ बाळगा. फोटोकॉपी घरी ठेवा.
* घराचा पत्ता चिनी लिपीत लिहून पाकिटात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला.
* नियमित औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.
* चिनी नववर्षाच्या सुट्टीत शहर रिकामं होतं, दुकानं, कुरिअर थंडावतात. आठवड्याचा किराणा आधीच भरा.
* आणि हो, आईच्या फोनवरून एक आयएसडी कॉल आजच लावून बघा!