उंट, जवस आणि दहा मुठींवरची ज्योत

बाजारातून एक उंट चालला आहे. पाठीवर जवसाच्या वाखाचे भारे इतके रुंद, की त्यांचा कोपरा दुकानात घुसतो, तिथल्या दिव्यावर पेटतो आणि इमारत जळते. भरपाई कोणाची? सुमारे 1800 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात हा खटला आहे. दिवा आत असेल तर उंटवाला दोषी, बाहेर ठेवला असेल तर दुकानदार. पण रब्बी यहूदा म्हणतात, दिवा हनुक्का या सणाचा असेल तर दुकानदार सुटला! तो दिवा दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असाच ठेवायचा असतो.

पुढे तल्मूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या भाष्यग्रंथाच्या, पंडितांनी याचा कीस काढला. उंट-स्वाराच्या डोक्यापेक्षा उंच दिवा टांगायला हवा होतास, असे दुकानदाराला कोणी म्हणत नाही. तेव्हा त्याची खरी जागा खालीच, जमिनीपासून दहा मुठींच्या आत असली पाहिजे. दहा मुठी म्हणजे साधारण 80 सेंटिमीटर. आणि वर्षाचे मूल उभे राहिले की भरते 75 च्या आसपास! उंटाचा एवढा विचार झाला आणि ज्योत येऊन थांबली ती नेमकी बाळाच्या नाकासमोर.

सुटकाही तल्मूदमध्येच आहे. वीस हातांपर्यंत उंच ठेवलेला दिवा चालतो. संकटकाळी तर घरातल्या मेजावर ठेवला तरी पुरे. संकट म्हणजे तेव्हा छळ. दुडदुडणारे मूलही त्यात धरावे, असे मला वाटते. मात्र मेजावर लोंबता टेबलक्लॉथ नको. मूल तो ओढणारच. जेरुसलेममध्ये दाराबाहेर दिव्यासाठी काचेच्या पेट्या असतात. त्या वारा अडवतात, आणि चिमुकले हातही.

हनुक्काच्या आठ रात्रींत, पेटवणाऱ्या 'शमाश'सकट, 44 मेणबत्त्या लागतात. हा तेलाच्या चमत्काराचा सण, म्हणून बटाट्याचे लाटके आणि सुफगानियोत हे डोनट तळायचे. म्हणजे एकीकडे ज्योती, दुसरीकडे उकळती कढई, आणि मोठ्यांचे लक्ष पाहुण्यांकडे. कढई मागच्या बर्नरवर, दांडा भिंतीकडे, आणि शेगडीभोवती मीटरभर मुलांना मज्जाव.

शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतिदिवसाची, गोष्ट आणखी अवघड. शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटे आधी मेणबत्त्या लावल्या, की शनिवारी रात्रीपर्यंत आग पेटवायची नाही, विझवायचीही नाही. (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत ते शब्बाथमुळेच.) जेवण गरम राहावे म्हणून हॉटप्लेट रात्रभर चालू. मार्च 2015 मध्ये ब्रुकलिनमध्ये अशाच एका हॉटप्लेटच्या आगीत एका घरातली सात मुले गेली. टायमर, धुराची सूचना देणारी घंटा, हाताला न लागणारी वायर: हे सगळे शुक्रवारी ऊन असतानाच करून ठेवायचे.

तरीही आग लागली तर? तल्मूद सांगते, विझवा. जिवाला धोक्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला. धर्मन्यायालयाला विचारत बसू नका. जो चपळाईने धावला, त्याचीच वाखाणणी.