दुधाची परीक्षा घरच्या घरी

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असले की इतर खर्चात काटकसर होते, पण दुधाचा रतीब सहसा बंद होत नाही. प्रथिने व कॅल्शियम यांसाठी अनेक कुटुंबांची भिस्त दुधावरच असते. म्हणून दुधातील भेसळ म्हणजे केवळ पैशांचे नुकसान नव्हे. तिसरा हिस्सा पाणी असलेले दूध मुलाला दिले, तर पेला भरलेला दिसतो. पोषण मात्र त्याच हिशेबाने कमी मिळते. शिवाय ते पाणी दूषित असेल तर जुलाब, कावीळ यांसारख्या आजारांचा धोका असतो.

पाणी घातलेले दूध पातळ दिसू नये म्हणून काही वेळा त्यात पिष्टमय पदार्थ किंवा युरिया मिसळतात. तेल दुधात एकजीव व्हावे म्हणून डिटर्जंटही वापरले जाते. दूध उकळल्याने रोगजंतू मरतात, पण युरिया व डिटर्जंट नाहीसे होत नाहीत. पुढील साध्या परीक्षा कोणत्याही गृहिणीला करता येतील.

१) पाणी : स्टीलचे स्वच्छ, गुळगुळीत ताट तिरके धरून वरच्या बाजूस दुधाचा एक थेंब सोडावा. चांगले दूध सावकाश ओघळते व मागे पांढरी रेघ सोडते. पाणी घातलेले दूध रेघ न उमटवता झर्रकन खाली जाते.

२) पिष्टमय पदार्थ : चमचाभर दूध थोड्या पाण्यात उकळून पूर्ण गार होऊ द्यावे. त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास पीठ किंवा स्टार्च आहे असे समजावे. दूध गरम असताना हा रंग दिसत नाही.

३) डिटर्जंट : बाटलीत दूध व तितकेच पाणी घेऊन जोरात हलवावे. चांगल्या दुधावर फेसाचा पातळ थर येतो. दाट, साबणासारखा फेस आला तर शंका घ्यावी.

४) युरिया : चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचे किंवा सोयाबीनचे न भाजलेले पीठ घालून हलवावे. पाच मिनिटांनी त्यात तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवावा. तो निळा झाल्यास युरियाची शक्यता असते. पिठातील विकर युरियापासून अमोनिया तयार करते, त्यामुळे रंग बदलतो. पीठ भाजले तर हे विकर नष्ट होते.

परीक्षेसाठी वापरलेले दूध फेकून द्यावे.

या परीक्षांवरून शंका घेता येते, गुन्हा सिद्ध होत नाही. मलई काढलेले दूध मुळातच पातळ असल्याने ताटावरून लवकर ओघळते. म्हणून खात्रीच्या, त्याच प्रकारच्या दुधाशी तुलना करावी. एकदा शंका आली तर दोन-तीन दिवस परीक्षा करून पाहावी. उगाच घाबरण्याचेही कारण नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी केवळ १२ नमुन्यांत आरोग्यास घातक भेसळ आढळली होती. मात्र स्निग्धांश व इतर घनपदार्थ ठरलेल्या प्रमाणात नसलेले नमुने त्याहून कितीतरी अधिक होते.

शंका कायम राहिल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार, खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तशी कल्पना देऊन व शुल्क भरून ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो. तोपर्यंत ते दूध लहान मुलांना देऊ नये. आणि दूध कोठूनही आलेले असो, सुटे कच्चे दूध नीट उकळल्याशिवाय पिऊ नये.