वाइनचा पट्टा आणि मधला नगर जिल्हा

पुणे–नाशिक महामार्गावर नारायणगाव आणि नाशिक यांच्या मधे संगमनेर लागते. महाराष्ट्रातील पांढऱ्या वाइनचा गेल्या चार दशकांचा बराचसा इतिहास या रस्त्यावरच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे घडला. मधल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याने ऊस सोडला नाही. येथले मद्यही मळीचेच. श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगरला 1933 मध्ये साखर कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीची ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडी देशभर पोचली.

नारायणगावात शामराव चौगुले यांच्या इंडेजने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फसफसणारी वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही विकली. कंपनी पुढे कर्जात बुडाली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जाती लावल्या. त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क ठरले. नंतर दक्षिणेला अकलूजकडे ‘फ्रातेली’ उभी राहिली.

यातली शेनिनची निवड फार शहाणपणाची होती. ही जात मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. सतराव्या शतकात ती दक्षिण आफ्रिकेत गेली आणि तेथे ‘स्टीन’ म्हणून रुजली. उन्हाळी मुलखातही तिचा आंबटपणा टिकतो, हा तिचा मोठा गुण. दख्खनमध्ये वेलाला युरोपासारखी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून छाटणी दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे घड थंडीत पिकतात. रात्री गार असल्या की द्राक्षातले आम्ल कमी जळते. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि माल तापू नये म्हणून शक्यतो पहाटेच उरकतात.

ताटाशी जुळणी ठरते ती या आंबटपणामुळेच. काढणी सुरू होते तेव्हा नगरच्या शिवारात हुरड्याचा हंगाम असतो. भाजलेला कोवळा हुरडा गोडसर, त्यासोबतची लसणाची चटणी झणझणीत. किंचित गोडी राखलेली, आठ-दहा अंशांवर गार केलेली शेनिन येथे चपखल बसते, कारण साखर तिखटाची धार बोथट करते. मद्यांश जास्त असला तर तीच चटणी आणखी भाजते. रेड वाइनचा तुरटपणाही तिखटाशी भांडतो. सोव्हिन्योंला हिरवा, पाल्यासारखा वास असतो, म्हणून ती कोथिंबीर वडीबरोबर खुलते. काळ्या मसाल्याच्या शिपी आमटीपुढे मात्र ती पार हरवते. तेथेही गोडसर शेनिनच बरी. अकोले तालुक्यातील राजूरच्या पेढ्याबरोबर कोरडी वाइन निव्वळ आंबट लागते. पदार्थाहून वाइन गोड हवी, म्हणून उशिरा तोडलेल्या द्राक्षांची शेनिन घ्यावी.

अर्थात हा मेळ जिल्ह्यातल्या घरांत फारसा शिरलेला नाही. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरवले. द्राक्ष बागायतदारांचा फायदा हे त्यामागचे कारण सांगितले गेले. सर्वांत ठळक विरोध उठला तो याच जिल्ह्यातून, दारूबंदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या राळेगणसिद्धीतून. अण्णा हजारे यांनी 14 फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केले होते. लोकांच्या हरकती व सूचना मागवून मगच अंतिम निर्णय घेऊ, असे सरकारकडून उत्तर आल्यावर त्यांनी ते स्थगित केले.