लेथवरचा टेपर : बटण दाबण्याआधीची तयारी



१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते. मग मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे इथल्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीची कामं निघतात. बंदरावरच्या गटांत या दिवसांत कर्जाची मागणी येते ती जाळ्यासाठी, इंजिनासाठी आणि हमखास शाफ्टसाठी. "शाफ्टचा टेपर खराब झालाय, लेथवर न्यायला हवा," हे वाक्य आपण वहीत कारण म्हणून लिहितो. पण टेपर म्हणजे काय, तो कसा काढतात आणि त्या कामात धोका कुठे असतो, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असतं.

दुसरंही कारण आहे. आपल्या काही घरांतल्या मुली आयटीआयला जातात. टर्नर ट्रेड दोन वर्षांचा आहे, दहावीनंतर घेता येतो. पण "मुलीला लेथवर कशाला? हात गेला म्हणजे?" असं म्हणून तो फॉर्ममधून खोडला जातो. काळजी खोटी नाही. लेथने हात जातो. पण तो कशाने जातो आणि कशाने वाचतो हे कळलं, की निर्णय नीट घेता येतो.

टेपर म्हणजे काय?

टेपर म्हणजे निमुळता भाग. नरसाळं किंवा गाजर डोळ्यासमोर आणा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. बोटीच्या शाफ्टचं मागचं टोक असं निमुळतं असतं आणि पंख्याच्या मधल्या भोकालाही तेवढाच उतार असतो. पंखा त्यावर चढवून मागून नट आवळला की दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. वर एक लोखंडी चावीही असते, पण खरी पकड टेपरची.

टेपर नीट जुळला नाही तर पंखा थोड्याच जागी टेकतो. बाकीचा सगळा भार त्या चावीवर येतो. ती तुटली की इंजिन फिरतं, पण पंखा फिरत नाही. समुद्रात असं झालं तर बोट वाऱ्यावर. म्हणून शाफ्टचं काम हे खलाशांच्या जिवाचं काम आहे.

लहान बोटींच्या शाफ्टला १:१० हे माप बरंच वापरतात. म्हणजे १०० मिमी लांबीत जाडी १० मिमीने कमी होते. शाफ्ट ४० मिमी जाड असेल, तर १०० मिमी पुढे गेल्यावर तो ३० मिमी राहतो. पण पंखा जुना असेल तर आधी त्याच्या भोकाचं माप घ्यावं लागतं, अंदाजाने चालत नाही.

टेपर अटॅचमेंट काय करते?

लेथवर काम, म्हणजे 'जॉब', गोल फिरतो आणि धारदार टूल त्याच्या कडेने सरळ चालतं. सरळ चाललं तर नळीसारखा एकसारखा गोल होतो. निमुळता करायचा तर टूल चालता चालता हळूहळू आतबाहेर सरकायला हवं.

हे करायच्या दोन-तीन रीती आहेत. छोट्या टेपरला वरची कंपाउंड स्लाइड तिरकी करतात, पण ती हाताने फिरवावी लागते आणि थोड्याच लांबीपर्यंत पुरते. कुणी मागचा टेलस्टॉक बाजूला सरकवतात, पण नंतर तो पुन्हा रांगेत आणायचं काम वाढतं. टेपर अटॅचमेंट लावली तर टेलस्टॉक जागेवर राहतो, मशीनची आपोआप चाल वापरता येते आणि लांब टेपर एकसारखा निघतो.

तिची रचना साधी आहे. लेथच्या मागे एक ब्रॅकेट बसवतात. त्यावर एक पट्टी असते, तिला गाइड बार म्हणतात. ती मधल्या पिनेवर तिरकी फिरते आणि तिच्यावर अंशांच्या खुणा असतात. पट्टीवर एक ठोकळा सरकतो. तो टूल धरणाऱ्या क्रॉस स्लाइडला जोडलेला असतो. पट्टी तिरकी, म्हणून ठोकळा तिरका जातो, आणि त्याच्यामागे टूलही तिरकं जातं. रुळावरून गाडी वळते, तसंच.

बसवताना : मशीन बंद

पुढचं सगळं काम मेन स्विच बंद ठेवूनच करायचं. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही, कोपर लागलं तरी ते दाबलं जातं. स्विचवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची.

१. चकमधली चावी काढून जागेवर ठेवायची. ती चकमध्ये विसरली आणि मशीन सुरू झालं, तर दगडासारखी उडते.

२. ब्रॅकेट बसायची जागा ब्रशने आणि फडक्याने साफ करायची. लोखंडाचा कीस हाताने झाडायचा नाही, तो पात्यासारखा कापतो. एक बारीक कण खाली राहिला तरी ब्रॅकेट तिरकं बसतं.

३. अटॅचमेंट जड असते. दोघांनी उचलायची, लेथच्या बेडवर आधी लाकडी फळी टाकायची. सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत एकाने आधार सोडायचा नाही. मग पान्याने आवळायचे.

४. क्रॉस स्लाइडला तिच्या स्क्रूशी बांधणारा बोल्ट काढायचा, म्हणजे ती मोकळी होते. काढलेला बोल्ट डबीत ठेवायचा आणि उघडं पडलेलं भोक झाकायचं, नाहीतर त्यात कीस जातो. काही अटॅचमेंटमध्ये हा बोल्ट काढावा लागत नाही, म्हणून त्या मशीनचं माहितीपुस्तक आधी बघायचं.

५. सरकणारा ठोकळा क्रॉस स्लाइडला जोडायचा. गाइड बारला तेल द्यायचं. ठोकळा अडकता कामा नये आणि खुळखुळता कामा नये.

६. कंपाउंड स्लाइड क्रॉस स्लाइडच्या दिशेने वळवायची. क्रॉस स्लाइड आता गाइड बारच्या ताब्यात असते, त्यामुळे टूल किती खोल घ्यायचं ते कंपाउंडनेच ठरतं.

कोन लावताना

१:१० टेपरसाठी गाइड बार सुमारे २ अंश ५२ मिनिटं तिरका करतात. खुणा बघून इतकं अचूक लागत नाही, म्हणून डायल गेजने तपासतात. हिशेब आपल्या वहीतल्यासारखाच आहे. जाडी १० मिमीने कमी व्हायची, पण टूल एकाच बाजूने कापतं. म्हणून कॅरेज १०० मिमी चाललं की टूल ५ मिमी आत सरकलं पाहिजे. इथे १० धरले तर टेपर दुप्पट होतो आणि शाफ्ट वाया जातो.

टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवं. वर-खाली झालं तर कोन बरोबर लावूनही टेपर चुकतो.

मग मशीन बंद असतानाच, टूल जॉबपासून लांब ठेवून, कॅरेज हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. ठोकळा गाइड बारवरून बाहेर जातो का? टूल चकला किंवा टेलस्टॉकला धडकतं का? हे आत्ता कळलं तर खर्च शून्य. मशीन चालू असताना कळलं तर टूल तुटतं आणि त्याचा तुकडा तोंडावर येतो.

बोटीचा शाफ्ट लांब असतो, त्याचं दुसरं टोक लेथच्या मागून बाहेर डोकावतं. त्याला आधार हवाच. आधार नसेल तर फिरताना ते टोक वाकतं आणि चाबकासारखं बसतं. त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, चहा घेऊन आलेल्या पोरानेही नाही.

अंगावर काय असावं, काय नसावं

चकचा व्यास २०० मिमी असेल तर एका फेऱ्यात सुमारे ६३ सेंमी कापड गुंडाळलं जातं. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५. एका सेकंदात ३ मीटरहून जास्त! ओढणी अडकली तर सोडवायला वेळच मिळत नाही.

म्हणून पदर, ओढणी, लोंबती बाही नको. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, घड्याळ काढून ठेवायचं. केस बांधून टोपीत. डोळ्यांना गॉगल, पायात बंद बूट. फिरत्या जॉबजवळ हातमोजे नकोत, मोजा अडकला की हात ओढला जातो. मंगळसूत्र काढायला घरात कुणी नाही म्हटलं, तर हा ३ मीटरचा हिशेब सांगा.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राच्या भागांना तेल देणं, ते साफ करणं यासाठी बायकांना मनाई घातली होती आणि चालू यंत्र तपासणाऱ्या पुरुषाला घट्ट बसणारे कपडे सांगितले होते. माझं म्हणणं एवढंच, की फिरतं चक बाई-पुरुष बघत नाही. सैल कपडा बघतं.

आता बटण

पहिली चाल कमी वेगाने आणि टूल जॉबला न लावता. मग हलका काप. प्रत्येक वेळी टूल जॉबच्या टोकाच्या १०-१५ मिमी बाहेरून सुरू करायचं, म्हणजे जोडातली ढिलाई आधीच निघते, नाहीतर टोकाला टेपर न होता सरळ भाग राहतो. माप घ्यायचं तर मशीन पूर्ण थांबवूनच. चक हाताने थांबवायचं नाही.

शेवटी निळ्या शाईची परीक्षा. शाफ्टवर शाईचा पातळ थर देऊन पंखा चढवतात, जरासा फिरवून काढतात. निळा रंग भोकात सगळीकडे लागला तर टेपर जुळला. एकाच टोकाला लागला तर कोन पुन्हा बघायचा.

आपण काय करायचं?

शाफ्टसाठी कर्ज घेतलं असेल तर पैसे देण्याआधी वर्कशॉपमध्ये विचारा : पंख्याचं माप घेतलं का? शाई लावून दाखवता का? चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

मुलगी टर्नर ट्रेड म्हणत असेल तर एकदा तिच्यासोबत आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जा. मुलांच्या अंगावर गॉगल आणि बंद बूट आहेत का, लाल आणीबाणी बटण कुठे आहे, ते बघा. मग ठरवा.

आणि ज्या गटांकडे मसाल्याचं किंवा पिठाचं मशीन आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येक सदस्येला दाखवा, पट्ट्यावर जाळी आहे का बघा आणि मशीनवर बसणाऱ्या ताईसाठी एक टोपी आणि बिनपदराचा कोट गटाच्या खर्चातून घ्या. ठराव वहीत लिहायला विसरू नका.