उणे चाळीसची सुई

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी घरी कधी पॉट आइस्क्रीम केलंय का? डब्याभोवती बर्फ भरायचा आणि त्यात खडेमीठ टाकायचं. मीठ कशाला बरं? मिठामुळे बर्फ वितळतो, वितळताना उष्णता शोषतो आणि ते मिश्रण शून्याच्याही खाली जातं. म्हणून तर दूध गोठतं!

हीच युक्ती जेम्स अर्नॉट या ब्रिटिश डॉक्टरांनी कर्करोगाच्या गाठींवर वापरली. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं उपकरण मांडलं होतं. पण मीठ-बर्फ लावणार वरवरच्या गाठींना. किडनी असते पाठीकडे, खोलवर. तिथे गारवा पोचवायचा कसा?

समजा, एका आजोबांची एक किडनी पूर्वीच काढलेली आहे. पोट दुखतं म्हणून लातूरला सोनोग्राफी केली, तर उरलेल्या किडनीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. लहानशा लिंबाएवढी! हीही किडनी काढली, तर जन्मभर डायलिसिस. अशा वेळी गाठ गोठवण्याचा उपाय कामी येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत असे उपचार होतात.

सीटी स्कॅनमध्ये बघत बघत डॉक्टर पाठीतून बारीक सुया थेट गाठीत नेतात. सुईच्या आत, टोकाशी, दाबाखालचा आर्गॉन वायू एकदम पसरतो आणि कमालीचा थंड होतो. गाठीभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. उणे 40 अंशांच्या आसपास पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. सुमारे दहा मिनिटं गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. गोळ्याच्या कडेला थंडी कमी असते, म्हणून तो गाठीपेक्षा थोडा मोठाच करतात. मोठी चिरफाड नाही आणि बाकीची किडनी शाबूत!

मात्र हा उपाय लहान गाठींसाठीच, साधारण तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच्या. पुढे काही वर्षं तपासणीही करावी लागते, कारण एखादी पेशी उरली तर गाठ पुन्हा वाढू शकते.

लहान गाठ बहुधा दुखत नाही, हीच तर खरी अडचण! म्हणून घरात कुणाच्या लघवीत रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे चला म्हणावं. आजोबा म्हणतील, “दुखत नाही, मग कशाला?” तेव्हा त्यांना ही लिंबाएवढ्या गाठीची गोष्ट सांगा. सांगाल ना?