हातांचं काय करायचं?

कॅमेऱ्यासमोर बसलं की माणसाला सगळ्यात आधी स्वतःचे हात नकोसे होतात. एरवी ते दिवसभर कामात असतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. पण अंगात एक सैल शर्ट, पाय उघडे आणि समोर लेन्स, अशी वेळ आली की दोन्ही हात आपसूक पोटाशी येतात आणि तिथेच घट्ट बसतात. मग खांदे वर चढतात, मान आखडते, श्वास अडकतो. संकोच चेहऱ्यावर दिसतो असं आपण समजतो. खरं तर तो आधी हातांत उतरतो.

पुण्यात एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण बुदवार फोटोशूट करते. शयनघरातल्यासारख्या वातावरणात, अंतर्वस्त्रांत, साडीत किंवा नुसत्या चादरीआड काढलेले हे फोटो. येणारी बाई बहुतेक वेळा ते स्वतःसाठीच काढून घेते. कधीकधी मी तिथे रिफ्लेक्टर धरायला जाते, अर्थात आलेल्या बाईंची हरकत नसेल तरच. इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या बँकेत नोकरी करतात, पन्नाशीला आल्या आहेत. "शरीर बदलायला लागलंय. ते आहे तसं एकदा नीट बघायचंय," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. त्यांच्याविषयी लिहायला त्यांनीच परवानगी दिली.

कॅमेरा बाहेर निघायच्या आधी बरंच काही घडतं, आणि माझ्या मते अर्धा संकोच तिथेच सुटतो. दाराला आतून कडी लागते. सगळ्यांचे फोन, माझासुद्धा, बाहेरच्या खोलीत राहतात. खोली उबदार ठेवलेली असते, कारण गारठ्यात अंगावर काटा येतो आणि तो फोटोत स्पष्ट दिसतो. घट्ट कपडे, मोजे, घड्याळ घालून येऊ नका असं आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं. इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून जायला बराच वेळ लागतो. मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं, हे मैत्रीण कधीच सुचवत नाही. या ताईंनी ते काढलं, पर्समध्ये ठेवलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा घातलं. कोणी काही बोललं नाही.

मग कागद. फोटो कुठे साठवायचे, किती दिवसांनी पुसायचे, समाजमाध्यमांवर एकही जाणार नाही, हे सगळं लिहून सही होते. लोक हा भाग रुक्ष समजून घाईत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की बाईने खासगी छायाचित्र काढायला संमती दिली असली, पण ते इतरांना द्यायला दिली नसेल, तर ते पसरवणं हा गुन्हा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच असतो. म्हणून तो 'वेगळा करार' कुठे बारीक अक्षरात लपलेला नाही ना, हे वाचूनच सही करायची.

या ताईंनी सोबत आजीचं जुनं इरकल आणलं होतं. ब्लाउजशिवाय, नुसतं अंगाभोवती घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. खिडकीला पांढरा पातळ पडदा आहे. सकाळचं ऊन त्यातून पसरून येतं, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ पडतात. मी समोरून रिफ्लेक्टर धरला, की हनुवटीखालचा काळोख थोडा उजळतो.

"अगं, पण हातांचं काय करू?" त्यांनी विचारलंच.

"पदराचा काठ चिमटीत धरा, ताई. घट्ट नको. आणि काठावरून बोटं फिरवत राहा."

'लाजू नका', 'बिनधास्त राहा' असं मैत्रीण कधी म्हणत नाही. असं म्हटलं की बाई आणखी आखडते, कारण आपण लाजतोय हे सगळ्यांना दिसलंय हे तिला कळतं. त्याऐवजी ती हातांना काम देते. केसांत बोटं घाला, मानेवर तळवा टेकवा, चादरीची सुरकुती सारखी करा. प्रत्येक पोझ आधी स्वतः बसून दाखवते. अंगाला हात लावत नाही. पदर सारखा करायचा असला तरी विचारते.

पहिले काही फोटो कामाचे नसतातच. ते फक्त शटरच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. त्यानंतर सूचना सुरू होतात, अगदी साध्या आवाजात. "पोट आत ओढू नका. श्वास तोंडाने सोडा. हनुवटी आधी पुढे, मग जरा खाली. कोपर अंगापासून थोडं सुटं." कोपर सुटं झालं की दंड आणि कंबर यांच्यामधून उजेड दिसतो आणि शरीराला आकार येतो. उभं राहताना भार मागच्या पायावर. ऐकायला सोपं वाटतं, पण फोटोत जी पोझ निवांत दिसते ती प्रत्यक्षात कंबरेला चांगलीच जाणवते. ताईंना पाठ वळवून मान मागे फिरवायची होती. दोनदा त्या मध्येच थांबल्या, पाणी प्यायल्या. हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि माझ्या पाहण्यात संकोच जातो तो याच मेहनतीत. पायाची बोटं ताणायची, खांदा खाली सोडायचा, श्वास मोजायचा, इतकं सांभाळताना 'मी कशी दिसत असेन' या विचाराला जागाच उरत नाही. धीर गोळा करून कोणी मोकळं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मध्येच मैत्रिणीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. ताई बराच वेळ बघत राहिल्या. "छान आहे, पण मी अशी नाही दिसत." तिने तोच फोटो संगणकावर डावी-उजवी उलटवून दाखवला. "हां, ही मी." आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटं, बघत आलेलो असतो. 1977 साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी हेच तपासलं होतं: माणसांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या जवळच्यांना मात्र सरळ फोटो. त्यात फोनची लेन्स रुंद कोनाची. हातभर अंतरावरून ती नाक मोठं करते आणि कान मागे ढकलते. मैत्रीण चेहऱ्यासाठी 85 मिलिमीटरची लेन्स वापरते आणि लांब उभी राहते. सेल्फीत स्वतःला नाकारलेल्या कितीतरी बायकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पोटावरच्या बाळंतपणाच्या रेषा पुसायच्या का, असं मैत्रिणीने विचारलं. "राहू देत," ताई म्हणाल्या. मला ते फार आवडलं. पण पुसायला सांगितल्या असत्या, तरी तो निर्णय त्यांचाच होता.

एकदा एका तरुणीला मैत्रिणीने शूट न करताच परत पाठवलेलं मी पाहिलं. होणाऱ्या नवऱ्याचा हट्ट म्हणून ती आली होती आणि सतत दाराकडे बघत होती. आगाऊ घेतलेले पैसे मैत्रिणीने परत केले. अशा संकोचावर मात करायची नसते, त्याचं ऐकायचं असतं.

तुमच्या मनात असं काही असेल, तर स्टुडिओ ठरवण्याआधी एकदा नुसतं भेटून या. बहिणीला किंवा मैत्रिणीला आत बसू देतात का, ते विचारा. फोटो पुसण्याची तारीख कागदावर लिहून मागा. यातल्या कशालाही टाळाटाळ झाली, तर तिथे फोटो काढू नका.